हेराल्डचं हूड

भुसावळला मे महिन्यात उघडी गाडी कोण चालवतं?
रोझारिओ अंकल. चाळीस वर्षं इंजिनातून मान बाहेर काढून
सिग्नल बघितलेला माणूस, छपराखाली त्यांचा जीव गुदमरतो.
भंगारात घेतलेली हेराल्ड त्यांनी ढकलत आणली
आमच्या दुकानापुढे, लिंबाच्या अर्ध्या सावलीत,
आणि म्हणाले, धुडकू, हूड बघ.

बाप आत शिरला. काचा वर केल्या, हूड ओढून खटके लावले.
मला म्हणाला, ये, बस.
बाहेर सत्तेचाळीस डिग्री, आत त्याहून जास्त,
आणि डोक्यावर काळ्या कापडात भर दुपारी चांदण्या.
मी खडूने एकेकीभोवती गोल काढला. एकतीस.
मोठ्या फाटी चार: तीन लोखंडी कमानींवर घासून,
एक मांजरीची.
मांजर अजून मागच्या सीटवर होती.

बापाने आयुष्यभर मालडब्यांच्या ताडपत्र्या शिवल्या,
मग ट्रॅक्टरच्या सीटा, जीपची हुडं,
एकदा वरातीच्या घोडीचं खोगीरसुद्धा.
नाव धुडकू, कारण आधीची तीन गेली;
चौथ्याला सुईणीने उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं.
टाकलेलं कुणी नेत नाही, म्हणून टिकला.
आता डोळ्यांत मोतीबिंदू. दोरा मी ओवते,
सुई मात्र त्याची: अर्ध्या बांगडीसारखी वाकडी,
जाते त्याच बाजूने परत येते.

दोरा सुतीच घ्यायचा. नायलॉन दिसायला देखणा,
पण टाक्याच्या भोकातून पाणी आत सोडतो.
सूत भिजलं की फुगतं, आपलं भोक आपणच बुजवतं.
ठिगळाचे कोपरे गोल कापायचे,
टोकदार कोपऱ्याला वारा आधी नख लावतो.
आणि शिवण्याआधी, हे विसरायचं नाही,
फाट जिथे संपते तिथे पंच मारून
एक गोल भोक पाडायचं.
टोक आहे तोवर फाट पुढे सरकत राहते;
गोलात आली की तिला कळत नाही
कुठल्या बाजूला जावं.

हे त्याने मला दहादा सांगितलंय.
भाऊ सुरतेला गेला त्या रात्री
त्याला एकदाही आठवलं नाही.
मलाही नाही. शब्दामागे शब्द, सरळ दारापर्यंत.

नऊ दिवस लागले. मागची प्लॅस्टिकची खिडकी
हळदीच्या पाण्यासारखी पिवळी पडली होती, तीही बदलली.
दहाव्या दिवशी अंकलनी पाइप धरला, मी आत बसले.
हूडवर पाणी ताशासारखं वाजत होतं.
एक थेंब गुडघ्यावर पडला.
मी ओरडले, दुसरी कमान, डावीकडे!
बापाने कुणाला तरी शिवी दिली, बहुधा दोऱ्याला,
आणि पुन्हा सुई मागितली.
दुसऱ्यांदा पाणी सोडलं. नुसता आवाज.

रात्री साडेनऊला झळा जरा उतरल्या
तेव्हा अंकल दारात: चला, तापीपर्यंत.
आणि पुलाच्या अलीकडे गाडी थांबवून
त्यांनी दोन खटके सोडले, कमानी मागे लोटल्या.
एकतीस ठिगळं, चार फाटी, नऊ दिवस
घडी होऊन बापाच्या आणि मांजरीच्या पाठीमागे बसले.
"मंग शिवाले कायले लावलं?" बाप म्हणाला.
अंकलना ऐकू गेलं नाही.
त्यांचे कान इंजिनांनी कधीच नेलेत.

वाऱ्याला केळीच्या बागांचा ओला वास.
बाप मागे हात टाकून घडी चाचपत होता.
एका जागी बोट थांबलं.
"हे भोक तू पाडलं?"
हो.
"जरा मोठं झालं." मग बऱ्याच वेळाने, "चालतं."

पूल संपला तरी तो हात तिथेच.
समोरून मालगाडीचा दिवा वळत आला, अंकलनी
सवयीने मान बाहेर काढली, बाहेर असूनही.
"सुरतले आता जागा असीन का तो?"
लूमवर रात्रपाळी असते, मी म्हटलं.
असेल.